शिक्षकाची स्तुति आणि विद्यार्थ्याची वकिली

गेल्या हिवाळ्यांत आमच्या परिचयाच्या एका गांवीं एका शिक्षिकाबाईंचा सत्कार झाला व त्या प्रसंगीं हजर राहण्याचा योग आम्हांस आला. ज्या मुलांना ऐकूं येत नाहीं, दिसत नाहीं, किंवा ज्यांच्या बुद्धीची वाढ वयाच्या मानानें मंद असते, अशा मुलांना शिकविण्याचें काम ह्या बाई बारा वर्षें करीत आल्या आहेत. समारंभ यथासांग झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र, हारतुरे, कशांतही उणें नव्हतें. अध्यक्षांनीं बाईंस देवीची उपमा दिली, त्यांच्या कामास तपश्चर्या म्हटलें, आणि असलें काम पैशासाठीं कोणी करीत नसतो, तें मुळांत रक्तांतच असावें लागतें, असें सांगून टाळ्या मिळविल्या. श्रोत्यांपैकीं कित्येकांचे डोळे पाणावले. आमचेही पाणावले, हें कबूल केलें पाहिजे.

समारंभ आटोपल्यावर ओसरीवर चहा घेतांना आम्हीं बाईंचें अभिनंदन केलें. त्या किंचित् हंसल्या व म्हणाल्या, "आपण लिहितां-वाचतां, म्हणून एक विचारतें. मला सात शाळा नेमून दिल्या आहेत. आज ही, उद्यां ती. त्यांतल्या एका शाळेंत नऊ वर्षांचा एक मुलगा होता. तो वर्गांत मध्येंच उठे, ओरडे. इतर पालकांच्या तक्रारी येऊं लागल्या. तेव्हां मुख्याध्यापकांनीं त्याच्या वडिलांस बोलावून सांगितलें, 'ह्याला घरींच ठेवा, परीक्षेपुरता आणा; हजेरीचें आम्हीं पाहूं.' मी तेथेंच उभी होतें. हें कायद्यास सोडून आहे हें मला ठाऊक होतें. त्या मुलाला वर्गांत कसें रमवावें हेंही थोडेंफार ठाऊक होतें. पण माझी नेमणूक वर्षावर्षाची, आणि मार्च महिना जवळ आलेला. मी गप्प राहिलें. तो मुलगा अजून घरींच आहे. आज मला देवी म्हणाले तेव्हां मला त्याची आठवण झाली. माझें चुकलें का?"

आम्हांस त्या वेळीं नीट उत्तर देतां आलें नाहीं. पुढें पुष्कळ दिवस तो प्रश्न मनांत घोळत राहिला. बाईंच्या एका प्रश्नांत खरोखर तीन प्रश्न गुंतलेले आहेत असें आम्हांस दिसून आलें. अशा मुलांस शिकविणें हें करुणेचें काम आहे कीं विद्येचें? विद्येचें असेल, तर ती विद्या वाढविण्याची जबाबदारी कोणाची? आणि मुलाच्या वतीनें बोलणें हा शिक्षकाच्या धर्माचा भाग आहे, कीं ती त्याची मर्जी?

पहिल्या प्रश्नास अध्यक्षमहाराजांनीं जें उत्तर दिलें तेंच आपल्यापैकीं बहुतेकांचें उत्तर आहे. प्रेम असलें म्हणजे सर्व कांहीं साधतें, अशी आपली समजूत असते, व तिच्या पुष्ट्यर्थ हेलन केलरची गोष्ट नेहमीं सांगण्यांत येते. अॅन सलिव्हन नांवाची वीस वर्षांची तरुणी १८८७ सालच्या मार्चच्या ३ तारखेस अमेरिकेंत अलाबामा संस्थानांतील टस्कंबिया गांवीं आली; जिला दिसत नव्हतें व ऐकूंही येत नव्हतें अशी सात वर्षांचीही न झालेली मुलगी तिच्या स्वाधीन झाली; आणि एप्रिलच्या ५ तारखेस पाण्याच्या पंपापाशीं, एका हातावर पाणी पडत असतां दुसऱ्या हातावर बोटांनीं लिहिलेला शब्द आणि तें पाणी ह्यांचा संबंध त्या मुलीच्या ध्यानांत आला. ही गोष्ट ऐकून ज्याचें अंतःकरण हेलावत नाहीं असा मनुष्य विरळा. परंतु गोष्ट सांगणारे तिचा आधींचा भाग सहसा सांगत नाहींत. बॉस्टन येथील पर्किन्स संस्थेंत डॉक्टर हाऊ ह्यांनीं १८३७ पासून लॉरा ब्रिजमन ह्या तशाच आंधळ्या व बहिऱ्या मुलीस शिकविलें होतें, व आपण काय केलें, काय फसलें, कशानें साधलें, ह्याचीं टिपणें लिहून ठेविलीं होतीं. अॅन सलिव्हन त्याच संस्थेंत शिकली. हातावर बोटांनीं अक्षरें काढून बोलण्याची कला ती तेथें लॉराशीं बोलण्यासाठीं शिकली होती. आणि टस्कंबियास जाण्यापूर्वीं तिनें हाऊ ह्यांचे वृत्तांत कित्येक महिने बसून वाचले होते. म्हणजे पंपापाशीं जें घडलें तें महिन्याभरांतलें दिसलें तरी त्याच्या पाठीमागें पन्नास वर्षांचें जतन केलेलें ज्ञान होतें. प्रेम तर हेलनच्या आईवडिलांचेंही होतें, आणि तें अॅनच्या प्रेमापेक्षां कमी होतें असें कोण म्हणेल? त्यांच्यापाशीं नव्हती ती विद्या.

ही विद्या किती बारीक असते ह्याची कल्पना आपल्याच भाषेंतील उदाहरणांनीं येईल. डोळस मूल 'कि' लिहितांना पहिली वेलांटी आधीं काढतें व क मागाहून. आपल्या देशांतील भाषांसाठीं सहा टिंबांची जी भारती ब्रेल लिपि आहे तींत उच्चाराप्रमाणें क आधीं व इ नंतर येते. उलट, जोडाक्षरांत अक्षराचा पाय मोडल्याची खूण त्या अक्षराच्या आधींच येते. हें न जाणणारा शिक्षक आंधळ्या मुलाच्या बोटांस जें नीट लागलें तेंच चूक ठरवील. जन्मतः बहिरें असलेलें मूल घ्या. आपण 'आईनें', 'आईला', 'आईचा' हे प्रत्यय कोणी न शिकवितां शिकलों, कारण ते दिवसांतून शेंकडों वेळां कानीं पडत होते. ज्याच्या कानीं ते कधीं पडलेच नाहींत, तें मूल 'आई मूल दूध दिलें' असें लिहितें, व तें पाहून आपण त्यास मंदबुद्धि समजतों. त्याची बुद्धि शाबूत असते. त्याला भाषा पोहोंचलेली नसते. आणि ज्या मुलाची बुद्धि खरोखरच मंद आहे, त्यास सदऱ्याचें बटण लावावयास शिकविणें हेंही शास्त्र आहे. जाणता शिक्षक त्या कृतीचे आठ-दहा तुकडे पाडतो, सर्व तुकडे स्वतः करून फक्त शेवटचा, म्हणजे काजांतून डोकावलेलें बटण ओढून घेण्याचा, मुलाकडे ठेवतो. तो साधला म्हणजे शेवटचे दोन, मग तीन. ह्यामुळें प्रत्येक वेळीं काम पुरें केल्याचा आनंद मुलाच्याच वांट्यास येतो. ही युक्ति कोणाच्याही रक्तांत नसते. ती शिकावी लागते.

आतां दुसरा प्रश्न. विद्या म्हटली कीं ती वाढते, आणि ज्याची विद्या वाढत नाहीं त्याच्या हातून चांगल्या हेतूनेंही अनर्थ घडतो. ह्याचें दुःखद उदाहरण बहिऱ्यांच्या शिक्षणाच्या इतिहासांतच आहे. १८८० सालच्या सप्टेंबर महिन्यांत इटलींतील मिलान शहरीं बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. बहिऱ्यांस हातांच्या खुणांची भाषा वर्ज्य करून ओठांवरून समजण्यास व तोंडानें बोलण्यासच शिकवावें, असा ठराव तेथें मोठ्या बहुमतानें झाला. मत देणाऱ्यांत स्वतः बहिरे असलेले जवळजवळ कोणी नव्हतेच. पुढें देशोदेशींच्या शाळांतून मुलांच्या खुणा बंद झाल्या. कित्येक ठिकाणीं हात बांधण्यापर्यंत मजल गेली. आणि बहिरे शिक्षक नोकऱ्यांस मुकले. ते ठराव करणारे लोक दुष्ट नव्हते. मुलांचें कल्याण होईल अशीच त्यांची प्रामाणिक समजूत होती. तशाच परिषदेनें व्हँकूव्हर येथें त्या ठरावांचा त्याग केला तो २०१० सालीं, म्हणजे १३० वर्षांनीं. आपल्या देशांत भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठीं दिल्लीस स्वतंत्र संस्था स्थापन झाली ती २०१५ सालीं. एवढ्या काळांत किती पिढ्यांचें बालपण मुकें राहिलें असेल ह्याचा हिशेब कोण देणार?

ह्यावरून एवढें उघड होतें कीं, अशा मुलांच्या शिक्षकानें जन्मभर विद्यार्थी राहिलेंच पाहिजे. आपल्या कायद्यानें हें तत्त्व मान्य केलें आहे. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ सालीं झाला व १९९३ पासून ती परिषद कायदेशीर अधिकारानें काम करूं लागली. विशेष शिक्षकाचें नांव तिच्या नोंदवहींत असावें लागतें, आणि त्या नोंदणीचें नूतनीकरण व्हावयाचें तर मधल्या काळांत आपण कांहीं नवें शिकलों असें त्यास दाखवावें लागतें. नियम योग्यच आहे. परंतु शिकावयास वेळ लागतो, पैसा लागतो, आणि सर्वांत अधिक म्हणजे आपल्याच धंद्यांतील सोबती लागतो. वैद्याला अडलें तर तो दुसऱ्या वैद्यास विचारतो. सात शाळांतून एकटीनें फिरणाऱ्या बाईंनीं कोणास विचारावें? जेथें जावें तेथें त्यांच्या विषयांतलें जाणणाऱ्या त्या एकट्याच. ज्यानें सोबती दिला नाहीं, रजा दिली नाहीं, पुढील वर्षीं काम राहील कीं नाहीं ह्याची शाश्वति दिली नाहीं, त्यानें 'तुम्हीं ज्ञान वाढवा' असें सांगणें म्हणजे विहिरीवर राहाट न बसवितां मोट भरून आणण्यास सांगण्यासारखें आहे.

येथें एक आक्षेप येतो व तो हलक्या मनाचा नाहीं. महाराष्ट्रांतील शिक्षकाचा आदर्श त्यागाचा आहे. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली तेव्हां टिळक-आगरकरांसारख्या पुरुषांनीं मोठ्या पगाराच्या आशेवर पाणी सोडून आजीव सेवकत्व पत्करलें. मग आजच्या शिक्षकानें वेतनाची, पदाची, बढतीची भाषा बोलावी, हें त्या परंपरेस शोभतें काय?

ह्यास आमचें उत्तर असें आहे. त्या पुरुषांनीं त्याग केला तो स्वतः ठरवून केला. संस्थेचा कारभार त्यांच्याच हातीं होता. आणि त्यागाची मर्यादा किती असावी ह्याबद्दल त्यांचा आपसांत वादही झाला. १८९० सालीं टिळकांनीं संस्था सोडली त्या वेळच्या कलहांत सभासदांनीं बाहेरची मिळकत घ्यावी कीं नाहीं, हा प्रश्न होताच. त्याग ही ज्याची त्यानें करावयाची गोष्ट आहे. दुसऱ्यानें ती करवून घेतली म्हणजे तिला वेठ म्हणतात. मग वेठीस धरणाऱ्यानें गळ्यांत हार घातला तरी ती वेठच. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टराचें बिल चुकतें करतांना त्यानें तें न घेतां सेवा करावी असें आपण म्हणत नाहीं. त्याच्या विद्येची किंमत आपण ओळखतों. विशेष शिक्षकाच्या बाबतींत मात्र आपण विद्येस भूतदयेचें नांव देतों, आणि भूतदया विकत घेतां येत नाहीं, ह्या सबबीवर तिची किंमत देण्याचें टाळतों. आमच्या मतें ह्या स्तुतींतील खरा दोष तो हाच. ती खोटी असते असें नव्हे; ती स्वस्त पडते.

शिवाय, शिक्षकाची मागणी आणि मुलाचें हित हीं दोन निराळीं आहेत ही समजूतच तपासून पाहिली पाहिजे. विशेष शिक्षणाचें प्रशिक्षण घेतलेल्या कांहीं शिक्षकांनीं सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली. त्यांची तक्रार वरवर पाहतां स्वतःच्या नोकरीचीच होती. परंतु २०२१ सालच्या ऑक्टोबरांत जो निकाल लागला त्यांत न्यायालयानें मुलांच्या बाजूनें हिशेब मांडला: प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागें एक विशेष शिक्षक आणि त्यापुढील वर्गांत पंधरांमागें एक. पुढील वर्षीं केंद्र सरकारनें हें प्रमाण अधिसूचनेनें लागू केलें. तरीही राज्यांनीं पदें जाहीर करून भरती सुरू करावी, आणि वर्षानुवर्षें तात्पुरत्या नेमणुकीवर राबणाऱ्या शिक्षकांचा विचार समिती नेमून करावा, असें त्याच न्यायालयास २०२५ सालच्या मार्चांत पुन्हां सांगावें लागलें. मधल्या साडेतीन वर्षांत दहा वर्षांचीं मुलें साडेतेरा वर्षांचीं झालीं. त्यांची वयें थांबून राहिलीं नाहींत. तेव्हां शिक्षकाच्या पोटाचा प्रश्न म्हणून ज्याकडे आपण नाक मुरडून पाहतों, तो पुष्कळ वेळां मुलाच्या पाटीचा प्रश्न असतो.

आतां तिसऱ्या व सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळूं. मुलाची वकिली करणें हा शिक्षकाचा धर्म आहे काय? आमच्या मतें आहे, आणि त्याचें कारण त्याच्या विद्येंतच आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा जो कायदा २०१६ सालीं झाला त्यानें एकवीस प्रकारचीं अपंगत्वें मानलीं. सहा ते अठरा वर्षें वयाच्या, ठराविक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलास शेजारच्या किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला. आणि गाऱ्हाणें ऐकण्यास प्रत्येक राज्यांत आयुक्त असावा असें ठरविलें. परंतु कायदा आपण होऊन कोणाच्या घरीं जात नाहीं. नऊ वर्षांच्या त्या मुलास तो वाचतां येणार नाहीं. त्याचा बाप मुख्याध्यापकांपुढें हात जोडून उभा राहणारा. त्या खोलींत कायदा काय म्हणतो व मुलाला काय साधेल, हीं दोन्ही जाणणारी व्यक्ति एकच होती. ज्याला एकट्यालाच दिसतें त्यानें बोललें नाहीं तर तें न दिसल्यासारखेंच होतें.

पण वकिलाची आणि ह्या शिक्षकाची स्थिति एका बाबतींत फार निराळी आहे. वकिलास त्याचा अशील फी देतो. येथें अशिलापाशीं कवडी नाहीं, आणि ज्याच्याविरुद्ध बोलावयाचें त्याच्याच शेऱ्यावर शिक्षकाची पुढील नेमणूक अवलंबून. न्यायाधीशास सहजासहजीं काढतां येऊं नये अशी व्यवस्था आपण केली आहे. ती न्यायाधीशाच्या सुखासाठीं केली आहे काय? ती केली आहे पक्षकारासाठीं. न्यायाधीश भ्याला तर पक्षकार बुडतो म्हणून. विशेष शिक्षकाच्या नेमणुकीची शाश्वति ह्याच न्यायानें मागावी लागते. ती मुलाच्या संरक्षणाची भिंत आहे. ती भिंत न बांधतां शिक्षकाकडून धैर्याची अपेक्षा करणें म्हणजे आपलें कर्तव्य त्याच्या अंगावर ढकलणें होय.

ह्या वकिलीस एक मर्यादाही आहे, व ती न सांगितल्यास आमचें म्हणणें एकांगी होईल. मुलासाठीं बोलणारा हळूहळू मुलाच्या ऐवजीं बोलूं लागतो. मिलानचे पंडित हेंच करीत होते. पटावरची संख्या टिकावी म्हणून, जें मूल साध्या शाळेंत जाऊं शकेल त्यास विशेष शाळेंतच अडकवून ठेवण्याचा मोहही शिक्षकास होऊं शकतो. तेथें त्याचें हित व मुलाचें हित दुभंगतें. तेव्हां कसोटी एकच: ह्या वकिलीनें मूल स्वतः बोलण्याच्या जवळ येत आहे, कीं दूर जात आहे? मिलानची परिषद भरली त्याच्या पुढच्याच महिन्यांत, १८८० च्या ऑक्टोबरांत, टयूक्सबरीच्या अनाथगृहांतून एक चौदा वर्षांची, जवळजवळ आंधळी मुलगी पर्किन्स संस्थेंत दाखल झाली. अनाथगृहाच्या तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांपुढें धांवत जाऊन, मला शाळेंत जावयाचें आहे, असा आकांत तिनें स्वतःच केला होता. तीच अॅन सलिव्हन. तिची वकिली करणारें तेथें कोणी नव्हतें. ती बोलली म्हणून सुटली. जीं बोलूं शकलीं नाहींत तीं तेथेंच राहिलीं असतील. शिक्षकानें बोलावयाचें तें अशांसाठीं, आणि तेंही त्यांना स्वतः बोलतां येईपर्यंत.

आतां बाईंच्या प्रश्नाचें उत्तर. त्यांचें चुकलें. हें आम्हीं त्यांस पत्रानें कळविलें आहे, कारण 'तुमचा काय इलाज होता' असें म्हणणें म्हणजे पुन्हां एकदां स्वस्त स्तुति करणें झालें असतें. आणि ज्या स्वतःच्या मनास असा प्रश्न विचारतात त्यांस खोटें समाधान नको असतें. परंतु ही चूक जर वांटून द्यावयाची, तर बाईंच्या पदरीं तिचा लहानसा अंश येईल. मुख्याध्यापकांचा वांटा मोठा आहे. ज्यांनीं वर्षावर्षाच्या नेमणुकीची पद्धति चालू ठेविली त्यांचा त्याहून मोठा आहे. आणि 'इतर पालकांच्या तक्रारी' हे जे शब्द बाईंच्या तोंडून सहज निघून गेले, त्यांतले पालक कोण? आपल्यासारखेच सुशिक्षित, कुटुंबवत्सल लोक. आपल्या मुलाच्या अभ्यासांत व्यत्यय येतो म्हणून त्यांनीं चिठ्ठी लिहिली असेल, आणि सत्काराच्या दिवशीं पहिल्या रांगेंत बसून डोळेही पुसले असतील. दोन्ही गोष्टी त्यांनीं प्रामाणिकपणें केल्या असतील, हेंच त्यांतलें भयंकर आहे.

पत्रांत आम्हीं आणखी एक गोष्ट लिहिली. मुलगा आतां दहा वर्षांचा असेल. कायदा अठरा वर्षेंपर्यंतची मुदत देतो. वेळ गेली असली तरी सगळी गेलेली नाहीं. बाईंनीं त्याच्या वडिलांस भेटावें, आणि त्यांच्याबरोबर शाळेंत जाण्याची वेळ येईल तेव्हां एकटें जाऊं नये, आम्हीं येऊं. शाळेच्या व्यवस्थापन समितींत पालक बहुसंख्य असावेत असा कायदा आहे, आणि त्या गांवच्या समितीवर आमच्या ओळखीचे दोघे आहेत. त्यांच्यापुढें हा विषय काढणें सोपें नाहीं. त्यांतील एकजण त्या समारंभांत आमच्या शेजारींच बसले होते, व टाळ्या आम्हीं दोघांनीं बरोबरच वाजविल्या होत्या.